सिन्नरची यादवकालीन पंगत: तीन खापरं फोडून झाल्यावरच्या नोंदी

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ठरलं एकदाचं. लेणी-मंदिरं हिंडणारा आमचा बारा-चौदा जणांचा कंपू दर हिवाळ्यात एक दिवस सिन्नरच्या गोंदेश्वरावर घालवतो. देऊळ बघायचं, वडापाव खायचा, परत नाशिक. या वेळी त्या काळचा वेष, त्या काळची बैठक आणि त्या काळचं जेवण असा बेत आहे. तारीख १ फेब्रुवारी. एकाच्या मामांचा मळा सिन्नरजवळच आहे, विहीर आहे, चिंचेची गार सावली आहे. माणसं चाळीस धरली. स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला, कारण बैठकीत सगळ्यात जास्त मीच बोललो.

एका पोराने विचारलं, मावळ्यांचे अंगरखे भाड्याने आणू का? त्याला सांगितलं, बाबा, आपण शिवकालाच्याही चार-पाचशे वर्षं मागे चाललोय. देवगिरीला जायच्या आधी यादवांची राजधानी सिन्नरला होती, तो काळ.

पाककृती घेतल्यात 'मानसोल्लास'मधून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ, साल ११२९. तेव्हा यादव चालुक्यांचे मांडलिकच होते, त्यामुळे काळ आणि मुलूख दोन्ही जवळपास जुळतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतल्या दुसऱ्या खंडात अन्नभोगाचं प्रकरण आहे. माझं संस्कृत दहावीपुरतं, म्हणून संस्कृत शिकवणाऱ्या एका मित्राला रोज संध्याकाळी चहा पाजून ते वाचून घेतोय.

दोन गोष्टी आधीच लिहून ठेवतो. हे राजाचं ताट आहे, कुणब्याचं नाही. आणि त्यात मांसाचे प्रकार भरपूर आहेत. रानडुक्कर, मासे, इतकंच काय शेतातले उंदीरसुद्धा. मळ्याचे मालक माळकरी. म्हणून आम्ही शाकाहारापुरतं बघणार. उंदरांचा श्लोक मित्राने मोठ्याने वाचला, बायको उठून आत गेली.

रविवार, ३० नोव्हेंबर

नियम एकच ठेवलाय: १३०० नंतर आपल्याकडे आलेलं काही पानात नको. यादी करायला बसलो. मिरची गेली, टोमॅटो गेला, बटाटा, शेंगदाणे, मका, लाल भोपळा, रताळं, काजू, पेरू, पपई. कोबी-फ्लॉवरही गेले. बायको म्हणाली, "मग राहिलं काय, वरण-भात?" मी म्हटलं वांगं राहिलं, दुधी राहिला, कारली, सुरण, पडवळ, सगळ्या डाळी, तीळ, गूळ, दूध-दुभतं. ती म्हणाली, "म्हणजे तू घरी कधीच खात नाहीस ते सगळं."

कांद्यावरून वाद झाला. लासलगाव हाकेच्या अंतरावर असताना कांद्याला बंदी कशी घालायची? कांदा आपल्याकडे जुनाच. सातव्या शतकात ह्युएन त्संगनेही लिहिलंय की इथे कांदा-लसूण फार थोडे लोक खातात आणि खाणाऱ्यांना गावाबाहेर काढतात. तेव्हा कांदा होता, फक्त मानाच्या पंगतीत नव्हता. आपणही पंगतीबाहेर ठेवायचा असं ठरलं. भाकरीबरोबर मळ्यातल्या गड्यांना.

बाजरी चालेल का यावरही अर्धा तास गेला. बाजरी मूळची आफ्रिकेची, पण येऊन हजारो वर्षं झाली. चालेल.

आजची चूक: जुन्या धान्यांच्या यादीत 'राजमाष' शब्द आला. मित्राचा फोन लागेना आणि मी उत्साहात दोन किलो राजमा घेऊन आलो, ३२० रुपये. रात्री मित्र पोट धरून हसला. राजमाष म्हणजे चवळी. राजमा अमेरिकेतला, मिरचीच्याच गावचा. आठवडाभर घरी राजमा.

रविवार, ७ डिसेंबर

मुख्य पदार्थ मांडे. ग्रंथात त्याला 'मंडक' म्हटलंय: गहू धुऊन, वाळवून, दळून, गाळून घ्यायचे, तूप-मीठ घालून कणीक मळायची, हाताने पसरवून तापलेल्या खापरावर, म्हणजे चुलीवर पालथं घालायच्या मातीच्या भांड्यावर, टाकायची आणि डाग पडायच्या आत उचलायची. वाचताना सोपं वाटतं. त्यात प्रमाण कुठेही नाही. पाणी किती, तूप किती, किती वेळ मळायचं, काही नाही. मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो. माझ्याकडे शंभरावा हिस्सा मिलिमीटर चुकला तर माल परत येतो. माप नसलेली कृती मला झोपू देत नाही.

जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यात गेलो. खापर तयार नव्हतं, म्हणून रुंद बुडाचे तीन माठ घेऊन ते पालथे घालायचे ठरवले. २८० रुपयाला एक. कुंभार म्हणाला, "दादा, हे आचेवरचं भांडं नाही." मी म्हटलं, बघतो.

पहिला माठ धुऊन त्याच संध्याकाळी चुलीवर पालथा घातला. ओला होता. दहाव्या मिनिटाला बुडातून टवका उडाला. दुसरा दोन दिवस उन्हात वाळवला, पण आच एकदम ढणढण केली; तो उभा तडकला. तिसऱ्याला हळूहळू तापवलं, बरं चाललं होतं, तेवढ्यात किती तापलाय बघायला मी वरून पाण्याचा हबका मारला.

८४० रुपये आणि एक आख्खा रविवार. पाणी झिरपून गार व्हावं म्हणून माठाची माती तशी केलेली असते. मी तिच्याकडून तव्याचं काम मागत होतो.

रविवार, १४ डिसेंबर

खापराचं पुढे बघू म्हणून लोखंडी तवा पालथा घातला आणि कणकेकडे वळलो. जुन्या काळचा म्हणजे खपली गहू, असं डोक्यात पक्कं होतं. खपलीचं पीठ १४० रुपये किलो, तीन किलो आणलं. मळलं, तासभर झाकलं, उंडा हातावर घेतला. फाटला. परत मळलं, परत फाटला. खपलीला ताण सोसत नाही. खीर करा, लापशी करा, फार झालं तर जाड पोळी. हातभर रुंद पातळ मांडा तिच्याच्याने होत नाही.

खपली जुनी आहे हे खरं, पण साधा गहूसुद्धा आपल्याकडे तितकाच जुना आहे. दुकानात 'पारंपरिक' लिहिलंय म्हणून तेवढंच जुनं धरलं, हा माझा मूर्खपणा.

रविवार, २१ डिसेंबर

डाळीचा दिवस. 'विदलपाक' म्हणजे भाजून भरडलेल्या डाळींचं मिश्र वरण. चणा, तूर, मसूर, चवळी वेगवेगळी भाजली. जातं सासूबाईंचं, बाल्कनीत कुंडीखाली पडून होतं ते काढलं. मंद आचेवर दोन तास शिजवलं. हळद, सैंधव आणि वरून हिंगाचं पाणी.

हिंगात फसलो. घरच्या डबीतल्या हिंगात बहुतेक पीठ असतं. मी रविवार कारंजाजवळच्या दुकानातून खडा हिंग आणला, दहा ग्रॅम २६० रुपये, आणि डबीच्या चमच्याने मोजून पाण्यात घातला. पातेलंभर वरण शेजाऱ्यांच्या गॅलरीपर्यंत पोचलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅस गळतोय का विचारलं. दुसऱ्या वेळी हरभऱ्याच्या दाण्याएवढा खडा वाटीभर कोमट पाण्यात रात्रभर ठेवला आणि त्यातले चार चमचे दहा माणसांच्या वरणाला. हे जमलं. चाळीस माणसांना असे दोन खडे, जास्त नाही.

चव वेगळी लागते. मिरची नाही म्हणून आळणी लागेल असं वाटलं होतं, तसं नाही. डाळी भाजल्यामुळे खमंगपणा येतो आणि मिऱ्याचा झणका जिभेवर नाही, घशात लागतो. पिंपळी घातली तर तो आणखी उशिरा येतो, घास गिळून झाल्यावर. पिंपळी काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, पन्नास ग्रॅम ७० रुपये. आणि 'मिरची' हा शब्दसुद्धा मिऱ्यावरूनच बेतलेला. पाहुणी आली आणि घरमालकाचं नाव लावून बसली.

रविवार, २८ डिसेंबर

'इडरिका'. नाव वाचून इडलीपात्र काढलं. कृतीत उडदाचं पीठ आहे, तांदळाचं नाव नाही. वाफवून जे निघालं ते मुलाने टेबलावर आपटून दाखवलं. परत वाचलं: लहान गोळे तुपात तळायचे, वरून मिरपूड, जिरेपूड, हिंग. आजची तांदूळ घालून आंबवलेली, वाफवलेली इडली ती ही नव्हे. तळल्यावर ताटली पाच मिनिटांत रिकामी.

उडीद पाट्यावर वाटले तर गोळे हलके होतात. मिक्सरमध्ये पीठ गरम होतं आणि गोळा चिवट होतो. अर्धा किलो उडीद वाटायला मला चाळीस मिनिटं लागली, सासूबाईंना पंधरा. 'वटक' म्हणजे आपला वडाच, त्याच पिठाचे मोठे काढून दह्यात सोडले.

रविवार, ४ जानेवारी २०२६

मांडे अजून शून्य. पाच आठवडे उरलेत म्हणता म्हणता चारच राहिले. बायकोने मावशीला फोन लावला. माझी मावशी अमळनेरची. खानदेशात खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे, अजून लग्नाकार्यात होतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. हातांवर झुलवलेली ती पोळी मी तिच्याच अंगणात पाहिलीय. मग दीड महिना हिला फोन का नाही केला? कारण मी ग्रंथ वाचत होतो.

शनिवार, १० जानेवारी

मावशी धुळे-मालेगाव करत एसटीने आली. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर, पायाशी पोत्यात आणखी दोन नवी, माझ्यासाठी, ४५० रुपयाला एक. आल्या आल्या माझ्या फुटक्या माठांचे तुकडे बघितले.

"मुक्ताईला गावात खापर मिळालं नव्हतं म्हणून ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजावे लागले. तुला तीन मिळाली नि तिन्ही फोडलीस."

रविवार, ११ जानेवारी

सकाळी सहाला मी खपलीचं उरलेलं पीठ काढलं तर मावशी मागे उभी. "हाई काय करी राह्यना तू?" पीठ चिमटीत घेऊन बघितलं आणि पिशवी बांधून बाजूला ठेवली.

तिची पद्धत लिहून घेतली, जमेल तितकी मोजून.

गहू साधा, लोकवन चालतो. (हा वाण आपल्या हयातीतला. नियम मोडला, मान्य. जातीवंत जुना गहू तेरा किलो कुठून आणणार?) गहू धुऊन ओलसर असतानाच फडक्यात बांधून रात्रभर ठेवायचे, सकाळी सावलीत सुकवायचे, बारीक दळायचे आणि पीठ कपड्यातून गाळायचं. यालाच ती सपीठ म्हणते. ग्रंथात धुणं, वाळवणं, दळणं, गाळणं हे चारही टप्पे याच क्रमाने आहेत. मी त्यातलं 'धुणं' स्वच्छतेसाठी असेल म्हणून सोडून दिलं होतं. ओलवल्यामुळे कोंडा मोठ्या पापुद्र्यात सुटतो आणि कपड्याच्या वरच राहतो. पीठ पांढरं येतं ते यामुळे.

तेरा किलो गव्हाचं साडेआठ किलो सपीठ निघालं. मी जात्यावर दळायचा हट्ट धरला होता, किलोला पन्नास मिनिटं लागली. एक किलोनंतर उरलेलं गिरणीत नेलं. कुणी विचारलं तर खरं सांगणार.

कणीक काठवटीत. आपल्या पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल, जवळपास हातातून ओघळणारी. पाण्याचा हात घेत घेत आपटून तिंबायची, पाऊण तास. मी विचारलं, पाणी किती? "ती मागेल तेवढं." मी चोरून वजनकाटा ठेवला होता: एक किलो सपिठाला तिने जवळजवळ पाऊण लिटर पाणी जिरवलं. दुसऱ्या वेळीही मोजलं, थोडंच कमी निघालं. ते माझं माप.

खापराचं असं: नवं असेल तर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं, मग दोन दिवस सावलीत पूर्ण सुकवायचं, तेलाचं बोट फिरवायचं, आणि पहिल्या दिवशी फक्त निखाऱ्यांवर तापवून तसंच गार होऊ द्यायचं. कारखान्यातून तापमान मोजायची गन आणली होती. २४० अंशांना मावशीला दाखवलं, ती म्हणाली अजून नाही. २७०च्या आसपास तिने बोटांनी चार थेंब शिंपडले, थेंब नाचत खाली घसरले. म्हणाली आता. पाण्याने खापर फुटत नाही का विचारलं तर म्हणाली, "थेंब आणि हबका यात फरक असतो."

मग तो झुलवायचा भाग. उंडा तळहातावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत. दोन हात एकमेकांत फिरत राहतात आणि कणीक आपल्याच वजनाने पसरते. ओढायची नसते. मी ओढत होतो. बारा उंडे जमिनीवर गेले. तेरावा खापरावर पोचला, नकाशा श्रीलंकेचा.

पुरणावरून खटका उडाला. ग्रंथातला मंडक मला कोरा दिसतो, आत पुरण नाही. मावशी म्हणते, कोरा मांडा म्हणजे नेसवलं नाही असं बाळ. तिने उभ्या जन्मात कोरा केलेला नव्हता. केला तर कोपरापर्यंत नीट आला, पण खापरावर पडल्या पडल्या पापड झाला. पुरणाची ओल त्याला मऊ ठेवते, ती इथे नाही. तीन-चार वाया गेल्यावर उपाय तिनेच काढला: वीस सेकंदांच्या आत उचलायचा, लगेच चौघडी घालायची आणि ओलसर धोतराच्या फडक्यात दाबून ठेवायचा. डाग पडायच्या आत उचला, हे वाक्य मी महिनाभर रंगाबद्दल समजत होतो. ते मऊपणाबद्दल होतं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत आणि पौष वद्य एकादशी एकाच दिवशी. निवृत्तिनाथांची यात्रा, मावशीला त्र्यंबकला जायचंच होतं. मलाही त्र्यंबककडच्या बायकांकडून पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घ्यायचे होते, लाल तांदूळ बघायचा होता. दिंड्यांमुळे रस्ता भरलेला. गाडी लांब लावून चालत गेलो, दिवस गेला. पत्रावळी-द्रोण मिळाले, ६०० रुपये. तांदूळ पेठकडच्या एका शेतकऱ्याकडून नंतर पाठवायचा ठरला. ग्रंथात तांदळाचे आठ प्रकार दिलेत, त्यातला रक्तशाली म्हणजे लाल, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दुपारी फराळाच्या ताटाकडे बघत बसलो. साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. सगळेच अमेरिकेचे. साबुदाण्याचा कंद, राजगिऱ्याचं दाणेदार धान्यसुद्धा. ताटात जुनी एकटी भगर. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "विठोबाला चालतंय ना? मग तू खा."

रविवार, १८ जानेवारी

शिखरिणी, म्हणजे आपलं श्रीखंड. दही टांगलं, खांडसरी घातली, वेलची, आणि कापराचा वास द्यायचा होता. एक सदस्य कापूर घेऊन आला तो पूजेचा. नशीब डबीवरचं लेबल वाचलं. पूजेचा कापूर पोटात जाता कामा नये, मुलांना तर अजिबात नाही. खायचा म्हणून विकला जातो तो भीमसेनीसुद्धा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही शेवटी कापूर रद्दच केला, पंगतीत नऊ मुलं आहेत. हा पदार्थ अपुरा राहिला, आणि तो अपुराच बरा.

आणखी एक: पितळी पातेली दोन मिळाली, एकाच्या आजीची. आत कल्हई उडालेली. त्यात चिंचेचं सार करायला निघाले होते. थांबवलं. भांडी बाजारातून कल्हई करून आणली, ९०० रुपये. तरी दही आणि आंबट सगळं मातीच्या भांड्यातच ठेवायचं ठरवलं.

रविवार, २५ जानेवारी

रंगीत तालीम, दहा माणसं, आमच्या गच्चीवर. वेळ मोजली: एका खापरावर दीड मिनिटाला एक मांडा. माणशी दोन म्हणजे ऐंशी मांडे, म्हणजे दोन तास, तेही मावशीने पाठ न टेकता. दोन खापरं लावावी लागणार आणि दुसऱ्यावर मी. माझा मांडा आता पाचात तीन वेळा धड होतो.

वांग्याचं भरीत मिरची-कांद्याशिवाय: तीळ, दही, मिरपूड, हिंग. दोघांनी परत मागितलं, एकाने हळूच विचारलं, "ठेचा आहे का?"

रविवार, १ फेब्रुवारी

पहाटे चारला टेम्पो. सिन्नरला पोचेपर्यंत नव्या खापरांपैकी एकाचा काठ गेला. पेंढ्यात ठेवलं होतं, पण वर कुणीतरी पाण्याचा जार ठेवला. उरली दोन, लागणार दोन.

सहाला लोक जमले आणि पहिला प्रश्न, चहा. कडाक्याची थंडी, धोतर-उपरणं नेसलेले वीसेक लोक कुडकुडत उभे. मी नियम सांगितला. कुणी ऐकलं नाही. चिंचेमागे गॅसची शेगडी लावून चहा झाला. लपून प्यायचा एवढीच अट घातली.

एकीकडे लोक गोंदेश्वर बघून आले, आम्ही चौघं चुलींवर. वरण आणि तांदूळ वेळेत. मुख्य घोळ वाऱ्याने केला. सिन्नरच्या माळावरचा वारा नाशिकच्या गच्चीवर कळत नाही. वाऱ्याकडची खापराची बाजू गार, दुसरी लाल; मांडा अर्धा कच्चा, अर्धा करपलेला. पहिले नऊ मांडे गुरांपुढे गेले. मळ्यातल्या गड्याने बाजरीच्या सरमाडाच्या पेंढ्या उभ्या करून तीन बाजूंनी आडोसा केला, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर गाडी रुळावर. माझ्याकडून एकदा उंडा सरळ चुलीत गेला, तो तिथेच राहू दिला.

साडेबाराला पंगत बसणार होती, पावणेदोनला बसली. एक्केचाळीस पानं. मांडे तूप-दुधाबरोबर, विदलपाक, लाल भात, भरीत, कारल्याची चिंच-गुळाची भाजी, वटक, इडरिका, शिखरिणी, सुंठ घातलेलं ताक, शेवटी विडा. मांडे माणशी दोन नाही पुरले, दीड पडला. मुलांनी पहिल्यांदा तीन-तीन घेतले. माळकरी मामांनी पानात फक्त मांडा आणि दूध घेतलं, दोनदा घेतलं, आणि गप्प बसून जेवले. कारलं निम्म्या पानांत तसंच राहिलं. लाल भात कोरडा वाटला सगळ्यांना, पाणी कमी पडलं होतं. नव्या तांदळाचं आणि जुन्या तांदळाचं पाणी वेगळं लागतं हे माहीत असून मी विचारलंच नव्हतं तो कधीचा आहे.

एका सदस्याच्या आईने प्रेमाने राजगिऱ्याचे लाडू पाठवले होते, "जुन्या पद्धतीचे" म्हणून. मी काही बोललो नाही. सगळ्यात आधी तेच संपले.

रविवार, ८ फेब्रुवारी

हिशेब. शिधा ९,८०० (यात तूपच अर्ध्याच्या आसपास, ते कमी करता येणार नाही). भांडी आणि खापरं, फुटलेल्यांसकट, २,६४०. जळण १,५००. पत्रावळी-द्रोण ६००. टेम्पो, एसटी, येणं-जाणं ३,४००. एकूण १७,९४०. माणशी ३५० घेतले होते, १४,३५० जमले. ३,५९० माझ्या खिशातून. राजमा आणि खपली यात धरलेलं नाही, ते घरखर्चात घातलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

कुणी करणार असेल तर: मांड्यांसाठी दोनऐवजी तीन खापरं आणि तीन माणसं हवीत, आडोसा आदल्या दिवशीच बांधा, आणि सपिठाची तयारी तीन दिवस आधी सुरू करा. भाताचं पाणी आधी वाटीभर तांदळावर करून बघा. चहाची सोय उघडच करा.

मावशी काल गेली. स्वतःचं खापर गोधडीत बांधून नेलं, उरलेलं नवं माझ्याकडे ठेवलं. आज सकाळी त्यावर सहा उंडे टाकले. चार धड, एक पापड, एक चुलीत. फोन करून सांगितलं तर तिने विचारलं, "कणीक किती वेळ तिंबली?" मी म्हटलं, पस्तीस मिनिटं. तिने फोन ठेवून दिला.